खासदारांना लिहायचं, तर नेमकं लिही

अगं धाकटे, काल फोनवर तू सगळं एका दमात सांगून टाकलंस. शिराळ्याच्या बाजारात कुणीतरी म्हणालं, एका परवान्यावर आता एकच बंदूक ठेवू देणार. ते ऐकून तुझ्या मालकांनी आमदारांच्या दारात गाड्या न्यायची भाषा काढली, आणि तुझा जीव घाबरा झाला. मी तुला गप्प बसा असं सांगणार नाही. चांदोलीच्या जंगलाच्या कडेला ज्याचं रान आहे त्याच्या घरात बंदूक का असते, ते मला ठाऊक आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचं अख्खं वावर उकरून जातो, आणि सकाळी पंचनाम्यासाठी कागद गोळा करत बसायचं तुमच्याच नशिबी येतं. तेव्हा विरोध करायचा तर जरूर करा. फक्त तो कशाला आणि कुणाकडे, एवढं आधी पक्कं करा.

आधी खात्री कर. बाजारातल्या बोलण्यावरून पत्र लिहायचं नसतं. विधेयक मांडलं गेलं असेल तर त्याचा पूर्ण मजकूर संसदेच्या संकेतस्थळावर मिळतो. तिथे नसेल तर तूर्त तरी ती अफवा समज. मसुदा नुसता तयार होत असेल तर उलट बरंच. २०१४ साली केंद्रानं धोरण ठरवलं आहे की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. सूचना त्याच दिवसांत गेली तर तिचं वजन जास्त.

आणि आमदारांकडे जाऊ नका गं. शस्त्रं हा संघसूचीतला विषय आहे. शस्त्र कायदा १९५९ चा, तो दिल्लीत बदलतो. आमदार तुमचं ऐकून घेतील, पण त्या विधेयकावर मत द्यायला ते सभागृहात नसतात. खासदार गाठायला हवा, आणि तोही आपल्या मतदारसंघाचा. तुमचा शिराळा जिल्ह्यानं सांगली असला तरी लोकसभेला हातकणंगल्यात मोडतो, हे पुष्कळांच्या लक्षातच राहत नाही. सांगलीच्या खासदारांना पत्र धाडून तुम्ही उत्तराची वाट बघत बसाल. आपल्या पाटणच्या मामांचं पत्र साताऱ्याला जाईल, आणि फलटण-माणमधल्या पाहुण्यांचं माढ्याच्या खासदारांना. जिल्हा आणि मतदारसंघ एकच असतो असं नाही.

बोलून काही होतं का, असं तू विचारलंस. होतं. २०१९ ची गोष्ट नीट ऐक. तोवर एका परवान्यावर तीन बंदुका ठेवता येत. त्या नोव्हेंबरात सरकारनं लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं, त्यात तीनाची थेट एक केली होती. नेमबाजांनी, जुन्या घराण्यांनी आणि परवानाधारकांनी आक्षेप घेतले. डिसेंबरात विधेयक मंजूर झालं तेव्हा एकाची दोन झाली होती. तिसरी बंदूक वर्षाच्या आत जमा करायची, हे मात्र राहिलं, आणि वारशानं आलेल्या बंदुकाही त्याच मोजणीत धरल्या गेल्या. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. म्हणजे सगळं काही मिळालं नाही, पण बरंच मिळालं. ते मिळालं कारण लोक मंजुरीच्या आधी बोलले. कायदा झाल्यावर मोर्चा काढून काय उपयोग?

आता पत्रात काय लिहायचं. 'बंदूक हा आमचा मूलभूत हक्क आहे' हे वाक्य तेवढं काढून टाक. ते अमेरिकेचं. तिथे १७९१ पासून ते त्यांच्या संविधानात आहे. आपल्याकडे तो वाद झाला आणि निकालात निघाला. इंग्रजांनी १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला निःशस्त्र केलं, गोऱ्यांना मात्र सूट ठेवली. त्या अपमानाविरुद्ध काँग्रेसनं वर्षानुवर्षं ठराव केले. १९३१ च्या कराची ठरावातही शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, घातला होता. म्हणून डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी संविधान सभेत तो हक्क घालायची सूचना मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही द्यावा लागेल, हा त्यांचा मुद्दा. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली दाखल झालेल्या त्या मुलानं पुढे हा निर्णय दिला, आणि मला तो पटतो. मागच्या गुलामीचा राग खरा असला तरी उद्याच्या सुरक्षेचा विचार वेगळा करावा लागतो. तुझ्या पत्रात म्हणून हक्काचा दावा नको, गरजेचा पुरावा हवा.

तो पुरावा तुझ्याजवळ आहे. परवान्यावरचा हेतू लिही. कायद्यात ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीसाठी, असा वेगळा उल्लेखच आहे, त्या कलमाचा आधार घे. रान किती, कोणतं पीक, जंगलाची हद्द किती जवळ, किती वेळा नुकसानीचा अर्ज केला आणि भरपाई कधी मिळाली, हे सगळं तारखांसह लिही. सोबत पंचनाम्यांच्या नकला जोड. आणि प्रामाणिकपणे हेही लिही की परवाना म्हणजे प्राणी मारायची मुभा नव्हे. रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते, गव्याला तर हातही लावता येत नाही. ही ओळ टाळलीस तर तुझं पत्र वाचणारा अधिकारी तिथेच बोट ठेवेल.

अजून एक, आणि हे मी थोडं रागावूनच सांगते. विरोध एखाद्या कलमाला करा, अख्ख्या कायद्याला नको. त्याच २०१९ च्या दुरुस्तीत लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही, अशी तरतूद आली. बेकायदा बंदुका बनवणाऱ्यांची शिक्षा जन्मठेपेपर्यंत गेली. तुझ्या मालकांच्या मित्रमंडळींना हेही नकोच असेल, पण तू त्यांच्या सुरात सूर मिसळू नकोस. वरातीतल्या गोळीनं माणसं मेली आहेत. तुमच्या पत्रात 'हे कलम आम्हाला मान्य आहे' असं एक वाक्य असू दे. राखणीची बंदूक आणि मिरवायची बंदूक यांतला फरक तुम्हीच सांगितला नाहीत, तर सरकार दोन्हींना एकाच मापानं मोजणार.

निवडणुकीत बंदुका जमा करायला लावतात ही तुमची दुसरी तक्रार. ती खासदारांच्या पत्रात मिसळू नका. परवानाधारकांचा आढावा घेऊन कुणाची बंदूक जमा करायची ते जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची समिती ठरवते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, दंगलीत सापडलेले यांच्यावर त्यांची नजर असते. राखणीची गरज असेल तर अर्ज त्या समितीकडे, वेळेत, लेखी द्या.

पत्र मराठीतच लिही, खासदार आपलेच आहेत. विधेयक लोकसभेत मांडलेलं असेल आणि सगळ्या गावाच्या सह्यांची याचिका द्यायची असेल, तर ती खासदारांच्या प्रतिस्वाक्षरीनं सादर होते, आणि मराठी असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर मी करून देते. अधिवेशन सुरू व्हायच्या आधी खासदारांच्या कार्यालयात पोच घेऊनच द्या, आणि पंधरा दिवसांनी जाऊन विचारा. चारशे माणसांचा मोर्चा संध्याकाळपर्यंत विरतो. पोच असलेला अर्ज फायलीत राहतो, त्याला उत्तर मागता येतं.

सह्या घेताना बायकांकडे आधी जा. पुरुष नोकरीला पुण्या-मुंबईला असतात तेव्हा रात्री मळ्यात दिवा लावून बसणाऱ्या त्याच असतात, आणि बंदूक घरात असण्याची धास्ती जर कुणाला असेल तर ती त्यांनाच. ज्यांना ती नकोच वाटते त्यांनाही सहीसाठी भरीला पाडू नकोस. त्यांनी त्यांचं म्हणणं वेगळं लिहावं, तेही खासदारांनीच ऐकायचं आहे. मामंजींच्या बंदुकीचा परवाना अजून त्यांच्याच नावावर असेल तर तो आधी वारसाच्या नावे करून घे, तोवर बंदूक ठाण्यात जमा ठेव, आणि जिल्हाधिकारी कार्यालयातली पावती मला फोटो काढून पाठव.