व्यसनमुक्ती आणि मेंदूवरील चुंबकीय उपचार

हेरॉईन, अफू किंवा अफूजन्य वेदनाशामक औषधे यांच्या आहारी गेलेल्या माणसाला दुबळ्या मनाचा ठरवून समाज मोकळा होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. या द्रव्यांच्या सततच्या सेवनाने मेंदूतील सुखसंवेदनेची यंत्रणा बिघडते आणि मोहाला आवर घालणाऱ्या, कपाळामागील भागाचे नियंत्रण सैल पडते. म्हणूनच शपथा घेऊनही व्यसन सुटत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, भारतात अशा सुमारे ७७ लाख व्यक्तींना उपचारांची गरज होती.

नियंत्रणाचा हा भाग शस्त्रक्रियेवाचून पुन्हा सक्षम करता येईल काय, याचा शोध आता सुरू आहे. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय उद्दीपनाची पद्धत सिद्ध केली. डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून त्यातून विजेचे क्षणिक झोत सोडले जातात. त्यामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र कवटीतून आत पोहोचते व मेंदूच्या पृष्ठभागात सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न करते. भूल द्यावी लागत नाही. दुसऱ्या एका पद्धतीत टाळूवर पट्ट्या लावून एक-दोन मिलिअँपिअरचा मंद प्रवाह सोडतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चुंबकीय उपकरणांना २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०२० मध्ये धूम्रपान सोडविण्यासाठी मान्यता दिली. अफूजन्य व्यसनाबाबत मात्र प्रयोग लहान प्रमाणावर झाले आहेत. काहींमध्ये तल्लफ कमी झाल्याचे आढळले. परंतु तो परिणाम किती काळ टिकतो, हे सिद्ध व्हावयाचे आहे. डोक्यात धातूचे रोपण असलेल्यांना किंवा अपस्माराच्या रुग्णांना हा उपचार धोक्याचा ठरू शकतो.

तेव्हा नव्या यंत्राच्या आशेने चालू औषधे थांबविणे घातक होय. सेवन काही काळ बंद राहिले की शरीराची सहनशक्ती घटते. त्यानंतर पूर्वीइतकीच मात्रा घेतल्यास श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. वैद्यकीय देखरेखीखाली दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन यांसारखी औषधे आणि त्यांच्या जोडीला समुपदेशन हाच आजचा भरवशाचा उपचार आहे.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा कुटुंबांना जाहिरातींच्या मोहापासून सावध करावे आणि शासकीय रुग्णालयाची किंवा १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीची वाट दाखवावी. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही जाणीव गावात रुजली, तर उपचाराचे पहिले पाऊल तेथेच पडेल.