खांद्यावर खापर फोडण्याआधी

बाळ, लंगडता घोडा दारात आला की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘खांदा भरलाय हो.’ ऐकून घे, हो म्हण, आणि वाकून खूर उचल. तू ओरथनाडच्या पशुवैद्यक कॉलेजातून शिकून आलास, हाडांची नावं तुला माझ्यापेक्षा चोख येतात. पण मालकाच्या बोलण्याचा रेटा मोठा असतो. पुढच्या पायाचं लंगडणं बहुतेक वेळा गुडघ्याच्या खाली असतं, आणि त्यातही जास्त करून खुरात. खिळा जिव्हाळी लागलेला असतो, तळव्यात पू धरलेला असतो, नाहीतर नाल वाकडी बसलेली असते. बाहेरून काही दिसत नाही म्हणून दोष वर सरकतो, खांद्यापर्यंत.

खांद्याला बोल लावणं सोपंही असतं. घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नाही. धडाचा पुढला भाग दोन फऱ्यांच्या मध्ये नुसत्या स्नायूंनी तोललेला असतो, आणि अंगाच्या वजनातला साठेक टक्के भार पुढच्या दोन पायांवर. खुरात कळ असली तरी घोडा खांदा आखडून चालतो आणि चार दिवसांत तिथले स्नायू खरोखरच दुखू लागतात. मग दाबलं की घोडा अंग चोरतो आणि मालक म्हणतो, ‘बघा, सांगितलं होतं!’ दुखतंय ते खरं, पण मूळ तिथं नाही. खूर, मग घोटा, मग नळी, मग गुडघा, असं खालून वर जा. वरच्या भागानं आपला दोष सिद्ध करावा, तोवर तो निर्दोष.

चाल बघायला घोडा पहाटेच काढ, आपल्या तंजावरच्या कीळ राजवीदीवर बसगाड्या सुरू व्हायच्या आधी. रस्ता कडक आणि सरळ हवा. धरणाऱ्याला बजाव की दोर ढिला सोड. डोकं आवळून धरलं तर जे बघायचं तेच झाकलं जातं. आधी साध्या चालीनं, मग दुडक्या चालीनं. दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं. नवशिका नेमका उलट पाय धरतो, कारण डोकं खाली जाताना जास्त नजरेत भरतं.

मग तोच घोडा कल्लणै कालव्याच्या काठी मऊ मातीत चालव. खुराचं दुखणं असेल तर बहुधा मऊ जमिनीवर जरा बरा चालतो, कडक रस्त्यावर वाईट. वरचं दुखणं असेल तर पुष्कळदा उलट होतं, कारण मातीतून पाय उचलून पुढे आणताना त्याला कष्ट पडतात. हे ‘पुष्कळदा’ विसरू नकोस, दोन्हीकडे सारखाच लंगडणारा घोडाही भेटेल. खांद्याचा रोगी पाऊल आखूड टाकतो, पाय सरळ पुढे न आणता बाहेरून वळसा घालून आणतो, आणि खुराचं टोक जमिनीला घासत नेतो. नालेची पुढची कड बोटानं चाचपून बघ; एकाच बाजूची झिजलेली असेल तर पाय कधीपासून घासतोय ते नाल सांगते, मालकाच्या ‘कालपासूनच’वर विसंबायला नको. वाटेत एक बांबू आडवा टाक आणि कोणता पाय अडखळतो ते बघ.

आता हात लाव. आधी समोर उभा राहा, मग मागून बघ, दोन्ही फरे सारखे दिसतात का. एका बाजूला फऱ्याचं हाड कड्यासारखं उठून दिसत असेल, त्याच्या पुढचं-मागचं मांस ओसरलं असेल, तर खांद्यावरून जाणारी नस दुखावली आहे. लाथ, दाराच्या चौकटीवर आदळणं, आणि जटका गाडी ओढणाऱ्या घोड्यात छातीचा पट्टा चुकीच्या जागी घासणं, ही त्याची नेहमीची कारणं. अशा घोड्याचा खांदा पायावर भार घेताना बाहेर सटकल्यासारखा दिसतो. मालक ‘सांधा निखळला’ म्हणून हाडवैद्याला घेऊन येईल आणि तो पाय ओढायला बसेल. ओढू देऊ नकोस. विश्रांती दे, सूज उतरू दे, आणि सुमारे तीन महिने धीर धर. नस पुष्कळदा आपणहून सावरते. नाही सावरली तर मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रियेचा विचार करायचा. तोवर तेलं चोळून नस जागी होत नाही, चोळणाऱ्याच्या हाताला मात्र व्यायाम होतो.

खांद्याच्या टोकावर, पुढच्या बाजूला, बोटं खोल दाब. तिथून जाणाऱ्या स्नायूखालची पिशवी सुजली असेल तर घोडा चमकतो, आणि पाय मागे ओढला की अजून चमकतो. पण घोडा पडल्यानंतर किंवा लाथ बसल्यावर पाय अजिबात टेकत नसेल तर ही ओढाओढ करायची नाही. आधी हाड तुटलं नाही याची खात्री.

कोपर खाली लोंबलेलं, गुडघा दुमडलेला, खुराचं टोक जमिनीला टेकलेलं, अशा घोड्यापाशी सगळ्यांचा गोंधळ होतो. पाय पुढे टाकणारी नस मेली तरी घोडा असाच उभा राहतो, आणि कोपराचं हाड मोडलं तरी असाच. नसेच्या रोग्याचा गुडघा हातानं सरळ धरून पाऊल नीट टेकवलं तर तो त्या पायावर भार घेतो. हाड मोडलेलाही कधी कधी घेतो, पण तिथं सूज नि कळ दोन्ही असतात. म्हणून क्ष-किरण चित्र काढल्याशिवाय ठाम बोलू नकोस. नसेच्या रोग्याला गुडघ्यामागे कापूस लावून फळी बांध, नाहीतर तो अडखळून गुडघे फोडून घेतो.

मानेकडे आमच्या पिढीनं फार कमी पाहिलं. मानेत सात मणके; खालच्या दोन-तीन सांध्यांना झीज लागली की तिथून निघणाऱ्या नसा दबतात आणि घोडा पुढच्या पायानं लंगडतो. पाय मात्र खालपासून वरपर्यंत साफ. म्हणून हिरवा चारा किंवा गाजर घे, आधी एका बरगडीपाशी धर, मग दुसऱ्या, मग पुढच्या दोन पायांमध्ये, शेवटी जमिनीवर. घोडा लबाडी करतो: मान वळवण्याऐवजी मागचं अंग फिरवतो, किंवा नुसतं डोकं तिरकं करून ओठ लांब करतो. त्याला भिंतीला लावून उभा कर, मग लबाडी चालत नाही. मान एका जागी घामेजलेली आहे का, एका बाजूचं मांस कमी आहे का, तेही बघ.

मान ताठ असली म्हणजे प्रत्येक वेळी सांधाच असतो असं नाही. मानेत टोचलेल्या सुईची जागा पिकली तर घोडा डोकं खाली नेऊ शकत नाही आणि मालकाला वाटतं चंदी सोडली. गवत आणि पाण्याची बादली छातीइतक्या उंच ठेव, लगेच खाईल. आणि कान उभे, शेपूट उचललेली, पाय खांबासारखे, चेहऱ्यावर टिचकी मारली की डोळ्याच्या कोपऱ्यातलं पांढरं पटल सरकून येतं, असं दिसलं तर तो धनुर्वात. तिथं चाल बघत बसू नकोस, अंधाऱ्या शांत जागी बांध आणि त्याच घटकेला उपचार सुरू कर.

चालताना मागचं अंग डोलतं का, लहान फेऱ्यात पाय पायावर पडतात का, चालत असताना शेपूट बाजूला ओढली तर तोल जातो का, हेही बघ. जात असेल तर मज्जारज्जू दबतोय. त्या दिवसापासून त्या घोड्यावर कोणी बसायचं नाही, मालकाचं पोर तर मुळीच नाही.

नजर तयार करायची तर राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र आहे, रंगीत घोड्यांच्या चित्रांसकट. ग्रंथालयानं ते 1952 साली छापलंही. जाऊन जरूर बघ. रंग, खुणा, अंगावरचे भोवरे यांचा विचार त्यात मोठा आहे. तेव्हाचा घोडा समुद्रापलीकडून येई आणि फसवणूक दारातच होई, त्यामुळे पारख महत्त्वाची होती. मार्को पोलोनं तेराव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्याबद्दल लिहून ठेवलंय की घोडे जहाजानं हजारोंनी येतात आणि निगा न कळल्यानं मरतात. भोवऱ्यावरून लंगडणं कळत नाही, पण तिथली चित्रं बघून घोड्याकडे डोळे भरून पाहायची सवय लागते. (आपल्या गावच्या पोय्क्काल कुदिरैचं बरं, तो नाचातला खोटा घोडा लंगडला तर नाचणाऱ्याचे गुडघे तपासायचे.)

उपचारात पहिले दोन-तीन दिवस गार पाण्याची धार, दिवसातून काही वेळा पंधरा-वीस मिनिटं. ऊब नंतर, सूज उतरल्यावर. डाग द्यायचा नाही, कितीही वडीलधाऱ्यानं सांगितलं तरी, मीसुद्धा. कळ कमी करणारं औषध एकाच जातीचं, मोजून, थोडे दिवस. दोन एकत्र दिली की पोटात जखमा होतात. आणि डायक्लोफेनॅक जनावराला नाही: गिधाडं मरतात म्हणून 2006 सालीच त्यावर बंदी आली. औषधानं घोडा बरा दिसला की मालक त्याला जुंपतो, म्हणून औषध बंद करून पुन्हा चालवून बघितल्याशिवाय कामाला सोडू नकोस. नेमकी जागा ठरत नसेल तर सुई टोचून पाय खालून वर बधिर करत जायचं. खालच्या टोचण्यांनी लंगडणं गेलं नाही तरच खांद्याच्या सांध्यात. तिथं टोचल्यावर कधी कधी शेजारची नसही तात्पुरती झोपते आणि घोडा आधीपेक्षा वाईट चालतो. घाबरू नकोस, थोडा वेळ थांब.

आणि पट्ट्यानं घासून नस दुखावलेला जटक्याचा घोडा बरा झाला तरी तोच पट्टा चढवू देऊ नकोस. मालक म्हणेल, नवा पट्टा महाग आहे. चांभाराला बोलाव, घोडा उभा असतानाच माप घ्यायला लाव, आणि पट्टा खांद्याच्या टोकाला घासत नाही ना, ते स्वतः हात घालून बघ.