दगड कोणाचा?

महामार्गावर रात्री एखादा बारा टायरी बंद पडला की क्लीनर खाली उतरतो, बांधावरचे चार मोठे दगड उचलून आणतो आणि गाडीच्या मागे ओळीने मांडतो. लाल त्रिकोण जवळ बाळगायचा असतो, पण तो सीटखाली पडलेला असतो किंवा नसतोच. दुरुस्ती झाली की गाडी निघून जाते. दगड तिथेच.

सांगलीच्या एका कापड दुकानदाराची गाडी अशाच दगडांवर चढली. कोल्हापूरहून लग्न आटोपून कुटुंब परत निघाले होते. पुढचा टायर गेला, ऑइलचा चेंबर फुटला, गाडी दुभाजकाला घासली आणि शेजारी बसलेल्या पत्नीच्या मनगटाचे हाड मोडले. जवळच्या धाब्यावरची माणसे धावत आली आणि त्यांनी आधी दगड उचलून चरात फेकले. योग्यच केले, मागून येणारा दुसरा कोणी त्यावर आदळला असता. पण तेवढ्यात दुकानदाराच्या मुलाने मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून घेतले होते. त्यात ओळीतले दगड होते, त्यांच्या पुढ्यात डांबरावर ऑइलचा ओला डाग होता आणि कडेला किलोमीटरचा दगडही होता. आज त्यांची सगळी बाजू या फोटोंवर उभी आहे.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “धडक कोणी दिली?” कोणीच नाही म्हटल्यावर चालकाचा ताबा सुटला, एवढेच लिहायची तयारी सुरू झाली. दुकानदार अडून बसले. दगड ओळीत होते आणि पुढे ऑइल सांडले होते, हे पंचनाम्यात यायलाच हवे होते. दगड चालत येत नाहीत. तिथे एक गाडी उभी होती आणि तिच्या चालकाने ते टाकून दिले, एवढे त्या ओळीवरून कळते. सार्वजनिक रस्त्यावर असा धोका निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे, दंड पाच हजारांपर्यंत. रक्कम किरकोळ आहे, पण नोंद किरकोळ नाही.

कारण गाडी सापडली नाही, तरी मोटार वाहन कायद्याचे कलम १६१ उरते. धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनासाठी ते आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. हाड मोडणे कायद्याने गंभीर दुखापतच. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो.

यावर एक हमखास आक्षेप येतो, तो म्हणजे इजा दगडाने झाली, वाहनाने नव्हे. त्यासाठी सातारा जिल्ह्यातले एक प्रकरण माहीत असावे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली कलंडला, पेट्रोल गळत राहिले आणि चारेक तासांनी स्फोट होऊन तिथे जमलेले अनेक लोक होरपळून गेले. टक्कर केव्हाच संपली होती, मग स्फोटाचा वाहनाच्या वापराशी काय संबंध, असा युक्तिवाद झाला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ‘वापर’ या शब्दाचा अर्थ व्यापक आहे आणि बंद पडून उभे असलेले वाहनही त्यात येते, असे न्यायालयाने म्हटले. दगडांचे प्रकरण तंतोतंत असे नाही, पण दुकानदारांच्या वकिलांनी अर्जाला हाच निकाल जोडला आहे.

वस्तू चालत्या गाडीतून पडली असेल, तर वाट सरळ आहे. उसाची मोळी असो, हायवातली खडी असो की ताडपत्री न बांधलेल्या ट्रकमधली सळई, नंबर मिळाला की चालक, मालक आणि विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली दावा करता येतो. कायद्यातली सहा महिन्यांची मुदत मात्र डोक्यात ठेवावी. डॅशकॅम असेल तर चित्रण लगेच उतरवून घ्यावे, नाहीतर त्यावर नवे चित्रण चढते.

रस्ता सांभाळणाऱ्यांना जबाबदार धरणे सर्वांत अवघड. राजकोटमध्ये १९७५ साली रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एक माणूस दगावला, पण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला दोषी धरले नाही. धोका त्यांना ठाऊक होता किंवा ठाऊक असायला हवा होता, हे दाखवावे लागते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करण्याचे मोल इथे कळते, कारण वेळेची नोंद राहते. आपल्या आधी कोणी तेच दगड कळवले होते का आणि गस्तीची गाडी कधी फिरली, हे माहिती अधिकारात विचारावे. खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बाबतीत वारे थोडे फिरले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मृताच्या वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश दिला. पडलेल्या सामानाला तो आपोआप लागू होत नाही.

गाडीच्या खर्चाचा मामला वेगळा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीला छदाम मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत एकटा टायर फुटला तर काही नाही. गाडीचेही नुकसान झाले असेल, तर टायरच्या किमतीचे निम्मे. खरी मेख चेंबरची आहे. ऑइलचा लाल दिवा लागल्यावरही गाडी गॅरेजपर्यंत हाकली आणि इंजिन जाम झाले, तर सर्व्हेअर ते अपघाताचे नुकसान मानत नाही. इंजिनसाठी जादा कव्हर घेतलेले नसेल तर तो खर्च अंगावर येतो. दुकानदारांनी दिवा दिसताच चावी फिरवली आणि क्रेन मागवली. चेंबरचे पैसे मिळाले. मनगटाचा अर्ज अजून तहसील कचेरीत आहे.