वाळूतला तंबू

कसोलच्या आसपास पार्वती नदीच्या काठी राहायचं, तर पाण्याला लागून असलेल्या तंबूचे पैसे जास्त पडतात. मला विचाराल तर वरचे पैसे मागच्या, देवदाराखालच्या तंबूला द्यावेत.

मे महिन्यात सार पासचा ट्रेक करून आम्ही तिथे मुक्कामाला उतरलो. कॅम्पवाल्याने तंबू अगदी काठावर, मऊ वाळूत ठोकले होते. दमलेल्या पायांना आणखी काय हवं? पण आमच्यातल्या काकांनी आधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. चहा-मॅगी, गप्पा झाल्या, अंधार पडला. टॉर्च मारून पाहिलं, तर काठीच्या अलीकडे चांगलं दोन हात पाणी. दिवसभराच्या उन्हात वर वितळलेलं बर्फाचं पाणी खाली पोचायला संध्याकाळ, रात्र होते. नदी सर्वात रोड दिसते ती पहाटे. मॅनेजर म्हणाला, "रोज का है साहब." असेल. आम्ही तंबू उपटले आणि ओल्या दोऱ्या सावरत वर नेले. सकाळी बघतो तर खालच्या वाळूत आमच्या खुंट्यांची भोकंसुद्धा उरली नव्हती.

हा झाला रोजचा चढ. ढगफुटीला असं वेळापत्रक नसतं. जुलै 2022 मध्ये याच खोऱ्यात चोज गावाजवळ काठावरचे कॅम्प वाहून गेले. तुमच्या डोक्यावर चांदणं असलं तरी वरच्या नाल्यात पाऊस कोसळत असू शकतो. धरणाचं पाणी तर कोरड्या दिवशीही येतं. 8 जून 2014 रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात, बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. आपल्याकडे कोलाडला कुंडलिकेचं राफ्टिंगही सोडलेल्या पाण्यावरच चालतं, तेव्हा पात्रात पाय ठेवण्याआधी तिथल्या माणसांना पाण्याची वेळ विचारावी.

जागा निवडताना झुडपं बघा. फांद्यांत वाळकं गवत, काटक्या अडकलेल्या दिसल्या की पूर तिथवर आला होता असं समजा आणि त्याच्याही बरंच वर जा. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तळाशी दगड गडगडू लागले की सामान तिथेच टाकून डोंगराच्या अंगाला चढायचं. काठाकाठाने पळायचं नाही. पाणी अचानक ओसरलं तरी खूश होऊ नका, वर कुठे दरड पडून ते अडलेलं असू शकतं.

एक गोष्ट मात्र तिथे झोपल्याशिवाय कळत नाही. नदीच्या आवाजात शेजारच्या तंबूतली हाकही ऐकू येत नाही, इशाऱ्याचा भोंगा तर दूरच. म्हणून बूट आणि टॉर्च उशाशी घ्या, आणि शक्यतो एकाला आळीपाळीने जागं ठेवा. आणि बुकिंग करताना "व्ह्यू कसा आहे" याऐवजी "मागच्या पावसात पाणी कुठवर आलं होतं" हे विचारा. कॅम्पवाला हसून टाळेल. पलीकडची चहाच्या टपरीवरची बाई बोट दाखवून नेमकं सांगेल.