हेक्झारेलिनने हृदय वाचते का?

प्रश्न : हेक्झारेलिनची इंजेक्शने हृदयाचे रक्षण करतात, असे जिममध्ये सांगतात. घ्यावीत का?

उत्तर : घेऊ नका. दाव्यामागे संशोधन आहे, पण ते मुख्यतः प्राण्यांवरचे. १९९९मध्ये इटलीतील संशोधकांनी पिट्युटरी ग्रंथी काढलेल्या उंदरांना हेक्झारेलिन दिले. मग त्यांच्या हृदयातून वाहणारा प्रवाह खूप कमी करून पूर्ववत केला, तेव्हा इजा कमी झाली. हेक्झारेलिन हे या ग्रंथीला वाढीचे संप्रेरक सोडायला लावणारे पेप्टाइड; पण ग्रंथीच नाही, म्हणजे ते संप्रेरकही नाही. तेव्हा हा परिणाम थेट हृदयावरचाच. हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो. ‘मग माणसालाही लाभेलच की’, असे कुणी म्हणेल. पण हेच पेप्टाइड सीडी३६ या ग्राहीमार्फत हृदयधमन्या आकुंचितही करते, हे २००२मध्ये उंदरांच्या हृदयांत दिसले. आधीच अरुंद धमन्या असलेल्याला ते महागात पडू शकते. शिवाय प्रयोगशाळेतली मात्रा मोजलेली असते; बाजारातल्या कुपीत नेमके काय आहे, याची हमी कुणीच देत नाही.