बुरूज बांधण्यापूर्वीचा हिशेब



लूक 14:25-33 या उताऱ्यात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण देतो. असा माणूस कामाला हात घालण्यापूर्वी खाली बसून खर्चाचा हिशेब करतो. प्रभूला तेथे शिष्यत्वाविषयी सांगायचे आहे, हे खरे. पण आज आपण उदाहरणापाशीच थोडे थांबू. त्या गोष्टीत हिशेब चुकला तर बांधणाऱ्याचेच हसे होते. आपल्या काळात बांधणारा नफा घेऊन पुढच्या गावी जातो आणि चुकलेल्या हिशेबाची किंमत भलतेच लोक मोजतात.

मराठी कॅथलिकांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. वसईचा पश्चिम पट्टा समुद्र आणि रेल्वे यांच्यामध्ये वसलेला. केळी, फुले, पानवेली, भाजीपाला ही तेथील शेती विहिरींच्या आणि बावखलांच्या गोड्या पाण्यावर जगत आली. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते आणि जमिनीत मुरते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईची वस्ती या पट्ट्यावर लोटू लागली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने उभे राहिले. फादर तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. गुंडगिरीची दहशत असलेला तो काळ. अशा वेळी एका धर्मगुरूने रस्त्यावर उतरणे काहींना रुचले नाही. वेदी सोडून मोर्चात कशाला, असे विचारणारे आपल्यातही होते. 1990 मध्ये शासनाने सिडकोला तेथील नियोजन प्राधिकरण नेमले. विकास आराखड्यावर लोकांनी हरकती घेतल्या, आणि तो 2007 मध्ये मंजूर झाला. 2009 मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा गावे त्यात घेण्यावरून पुन्हा आंदोलन पेटले. 2011 मध्ये 29 गावे वगळण्याचा निर्णय झाला, पण वाद न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळला. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती. फादर दिब्रिटो 2024 मध्ये प्रभूच्या घरी गेले.

मग लढा जिंकला की हरला? मला हा प्रश्न तितका महत्त्वाचा वाटत नाही. त्या लढ्याने विचारलेला प्रश्न अधिक मोलाचा आहे: इतक्या इमारतींना पाणी कोठून आणणार? नव्या वस्त्यांत लोक राहायला आले, नळ आला नाही. मग टँकर आले. टँकर भरले गेले ते वाड्यांतल्या विहिरींतून आणि बावखलांतून. समुद्राकाठी गोडे पाणी उपसले की खारे पाणी आत सरकते, आणि मग विहीर शेतकऱ्याच्याही कामाची राहत नाही. म्हणजे कर्ज काढून घर घेणारा तहानलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या वाडी राखणाराही तहानलेला!

येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. नाबोथाने अहाब राजाला वाडवडिलांचा मळा विकण्यास नकार दिला व त्यासाठी प्राण गमावले (1 राजे 21). वसईतील प्रत्येक जमीन काही अहाबाने बळकावली नाही. पुष्कळ जमिनी आपल्याच लोकांनी विकल्या. कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी आजारपणासाठी, कोणी चांगला भाव आला म्हणून. आणि विकत घेणारा कोण होता? मुंबईत एका खोलीत सात माणसे राहणारा कामगार. त्यालाही छप्पर हवेच होते. ‘बाहेरचे नकोत’ एवढेच म्हणणारा विरोध ख्रिस्ती विरोध होऊ शकत नाही. जमीन, पाणी, रस्ता आणि माणसे यांचे प्रमाण विचारणारा विरोध मात्र न्यायाचा असतो, कारण त्यात नव्याने येणाऱ्याचेही हित असते.

सेमिनरीत शिकलेला एक मुद्दा येथे उपयोगी पडतो. संत थॉमस अक्वायनस दोन गोष्टी वेगळ्या करतात. मालमत्ता सांभाळणे व तिची व्यवस्था लावणे हा माणसाचा हक्क आहे. पण तिचा उपयोग करताना ती जणू सर्वांचीच आहे असे मानून गरजवंताला वाटा द्यायचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये हीच शिकवण पुन्हा मांडली. ‘माझा प्लॉट, मी कितीही मजले चढवीन’ हे वाक्य सात-बाऱ्यावर खरे असेल, देवासमोर अपुरे आहे. पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या 2015 च्या परिपत्रकात (परिच्छेद 183) प्रकल्पाच्या विचारविनिमयात स्थानिक लोकांना विशेष स्थान असावे असे म्हटले आहे.

आपल्याकडे समुद्र नाही. पण काळ्या मातीची वावरे आहेत आणि त्यांत दगड रोवून लेआउट पडत आहेत. निळोणा व चापडोह ही धरणे आटली आणि 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळकरांनी रात्री-रात्री पाण्याची वाट पाहिली, हे कोणी विसरलेले नसावे. मागे एका कुटुंबाने नवे घर आशीर्वादित करण्यासाठी बोलावले. शिंपडण्यासाठी पाणी मागितले तर बाई ओशाळून म्हणाल्या, “फादर, टँकर उद्या येतो.” शेजारून तांब्याभर पाणी आणले. लेआउटवाल्याने नळ येईल असे तोंडी सांगितले होते, कागदावर काहीच नव्हते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर कोणीही नागरिक मुदतीत लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. त्यासाठी वकील लागत नाही. सूचना वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येते आणि मुदत निघून जाते, ही खरी अडचण. खेड्यातल्या कुटुंबांना ग्रामसभा आहे. तेथे आपली माणसे फार कमी दिसतात, हे मला खेदाने लिहावे लागते.

पुढील रविवारी मिस्सानंतर सभागृहात थोडा वेळ बसू या. ज्यांनी प्लॉट घेतला आहे किंवा विकण्याच्या विचारात आहेत त्यांनी कागदपत्रांची झेरॉक्स व लेआउटचा नकाशा सोबत आणावा. घरी या आठवड्यात 1 राजे 21 वा अध्याय मोठ्याने वाचावा, आणि आपल्या विहिरीला मे महिन्यात किती हात पाणी असते ते आजोबांना विचारून लिहून आणावे.

आपला,
धर्मगुरू