भोपळी मिरची की शिमला मिर्च?



'भोपळी मिरची' हे नाव ऐकून ती आपल्या भोपाळचीच असावी असे अनेक लहान मुलांना वाटते. तसे नाही. भोपळ्यासारखा तिचा फुगीर आकार, म्हणून ती भोपळी. भोपाळच्या भाजीबाजारात मात्र ती मागायची तर 'शिमला मिर्च' असेच म्हणावे लागते. गंमत अशी की हीच मिरची निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतही आहे. तिच्या सोबतीला फूलगोभी, भिंडी, मटर, हरी मिर्च, अदरक, प्रेशर कुकर आणि कपबशीही आहेत. म्हणजे भाजी घेताना लागणारे शब्द मत देतानाही उपयोगी पडतात. या पाठात आपण या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करू.

चिन्हे कशासाठी?

१९५१-५२ मध्ये देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १९५१ च्या जनगणनेनुसार तेव्हा शंभरांपैकी सुमारे अठराच माणसांना लिहिता-वाचता येत होते. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले गेले. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. चिन्हे रोजच्या व्यवहारातली असावीत, म्हणजे कोणालाही ती पाहताच ओळखता येतील, हा यामागचा विचार. पुढे आयोगातील रेखाचित्रकार एम. एस. सेठी यांनी अशी पुष्कळ चिन्हे पेन्सिलीने काढली. ते १९९२ साली निवृत्त झाले.

अपक्ष उमेदवाराच्या वाट्याला फुलकोबी किंवा हिरवी मिरची आली की आपल्याला हसू येते. पण ज्या माणसाला अक्षर वाचता येत नाही, त्याचा हक्क त्या फुलकोबीने राखला आहे, हे विसरू नये.

एका शब्दाने काय होते?

चित्र सर्वांना सारखेच दिसते, पण त्याचे नाव भाषेगणिक बदलते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात याचा चांगलाच अनुभव आला. राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) याचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होते. त्याच वेळी काही अपक्षांना 'ट्रम्पेट' हे मुक्त चिन्ह मिळाले आणि मराठीत त्याचेही नाव 'तुतारी' असेच दिले गेले. खरे तर ते चित्र आपल्या वळणदार तुतारीचे नव्हे, सरळ पिपाणीसारख्या वाद्याचे. साताऱ्यात या पक्षाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला आणि 'ट्रम्पेट' चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली. ती सगळीच चुकून पडली असे म्हणणे बरोबर नाही. पण पक्षाने तक्रार केली आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत त्या चिन्हाचे मराठी नाव बदलून 'ट्रम्पेट' करण्यात आले. भाषांतरातला एक शब्द केवढा वाद उभा करतो पाहा!

'कोणीच नको' हेही उत्तर

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानंतर मतयंत्रावर 'इनमें से कोई नहीं', म्हणजे 'नोटा', हे बटण आले. त्याच वर्षी आपल्या मध्यप्रदेशच्या विधानसभा निवडणुकीत ते प्रथम वापरले गेले. २०२४ मध्ये शेजारच्या इंदूरला एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला, तेव्हा २,१८,६७४ मतदारांनी 'नोटा' दाबले. निकाल त्याने बदलला नाही, कारण नोटाला कितीही मते मिळाली तरी उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो. अशी निवड काहींना विक्षिप्त वाटते, काहींना योग्य. आमचे म्हणणे इतकेच की बटण दाबण्यापूर्वी त्याचा अर्थ आणि परिणाम दोन्ही ठाऊक असावेत.

ठेल्यावर बोलताना

आता पोह्यांच्या ठेल्यावर येऊ. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा 'थोडा मीठ देना' म्हणाला, तर ठेलेवाल्याला 'मीठा' ऐकू येईल आणि त्याचा हात जिलबीकडे जाईल! मीठ हवे तर 'नमक' म्हणा. तिखट कमी हवे तर 'मिर्च कम', कांदा हवा तर 'प्याज', ताक हवे तर 'छाछ' किंवा 'मठा'. दीड म्हणजे 'डेढ़' आणि अडीच म्हणजे 'ढाई', हेही पक्के करा. इंदूरला गेलात तर आणखी एक सावधगिरी: तिथली 'शिकंजी' म्हणजे लिंबाचे सरबत नव्हे, ते दुधाचे घट्ट गोड पेय असते. 'भुट्टे का कीस' मात्र आपल्याला लगेच उमगतो, कारण किसणे आणि किसणी आपल्या घरातलीच.

स्थानिक भाषेत मागणे म्हणजे मराठी सोडणे नव्हे. समोरच्या कष्टकरी माणसाला आपले म्हणणे नीट कळावे, ही साधी माणुसकी आहे.

घरी काय?

१ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरहून सरकारी नोकरीतली अनेक मराठी कुटुंबे इथे आली. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या राज्यात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. इथे कचेरी, बाजार आणि मतदान केंद्र यांची भाषा हिंदी. मराठीला उरले ते घर आणि शाळा. तिथेही 'पोहे छान झाले' ऐवजी 'पोहा छान बनला' ऐकू येऊ लागले, तर आजीच्या तोंडचा शब्द नातवापर्यंत पोहोचणार नाही. तो परत आणून देणारे दुसरे कोणी नाही.

म्हणून पालकांना विनंती, की बाजारात मुलांना स्वतः हिंदीत मागू द्या आणि घरी येऊन पिशवी रिकामी करताना प्रत्येक भाजीचे नाव मराठीत वदवून घ्या. विश्वस्त मंडळींना सुचवावेसे वाटते, की वर्गप्रतिनिधीची निवडणूक चिन्हांवर घ्यावी आणि प्रत्येक चिन्हाखाली दोन्ही भाषांतील नाव लिहावे. १९८९ पासून मतदानाचे वय अठरा आहे. आज वरच्या वर्गात असलेली मुले लवकरच खऱ्या यंत्रासमोर उभी राहतील.

स्वाध्याय

१. हिंदी नावे लिहा: भेंडी, वाटाणे, आले, लसूण, बटाटा, रताळे, पेरू.
२. 'शिक्षा' या शब्दाचा मराठीत आणि हिंदीत काय अर्थ होतो?
३. 'नोटा' असावे की नसावे? घरातील मोठ्यांशी बोलून दोन्ही बाजूंनी पाच-पाच वाक्ये लिहा.
४. तुतारी आणि पिपाणी यांची चित्रे काढा व फरक सांगा.